टाळेबंदीनं बाप घरी आणला, हे खरं नाही

करोनाच्या टाळेबंदीला आता काही वर्षं लोटली आणि तिच्याबद्दल गोड बोलायची सवय आपल्याला लागली आहे. व्याख्यानात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, लग्नाच्या मांडवातल्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : काही म्हणा, त्या काळानं माणसं घरी आणली. लेकरू झोपेत असताना घर सोडणारा आणि ते झोपल्यावर परतणारा बाप पहिल्यांदाच दिवसभर घरात दिसला, मुलांसोबत बसला, कुटुंब जवळ आलं. काही घरांत तसं झालंही. ज्यांचा पगार एक तारखेला खात्यात पडत होता आणि ज्यांचं काम लॅपटॉपवर होत होतं, त्यांच्या अनुभवाला मी खोटं म्हणत नाही. पण तोच अनुभव सगळ्या महाराष्ट्राच्या नावावर खपवला जातो, तेव्हा गप्प बसवत नाही. कन्नड तालुक्यातल्या पिशोरमधून पाहिलं तर त्या दोन वर्षांतल्या निर्बंधांनी पंचविशी-तिशीतल्या बापाला लेकराजवळ आणण्यापेक्षा त्याच्यापासून तोडण्याचंच काम जास्त केलं. आणि हे काही केवळ विषाणूमुळे झालं नाही. नियम लिहिताना बाप नावाचा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता, म्हणून झालं.

पिशोर हे अंजना नदीच्या काठचं बाजाराचं गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांना दवाखाना, बँक, खताचं दुकान, पोलीस ठाणं सगळं इथंच. शेतात मका, कापूस, अद्रक. पण दोन भावांत चार-पाच एकर असली की एक जण शेती बघतो आणि दुसरा कंपनीत जातो. कंपनी म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहती : वाळूज, चिकलठाणा, नाहीतर शेंद्रा. तिथं तो कायम कामगार क्वचितच असतो. बहुतेकदा ठेकेदारामार्फत लागलेला, भरेल तेवढ्या हजेरीचा पगार घेणारा. लग्न झालं की रांजणगाव शेणपुंजीत किंवा बजाजनगरात एक खोली भाड्यानं घ्यायची आणि संसार थाटायचा. ते परवडलं नाही तर बायको-लेकरू गावी आईवडिलांपाशी, आणि आपण आठवड्याच्या सुटीला एसटीनं ये-जा.

२३ मार्च २०२० ला राज्यात संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभरची टाळेबंदी जाहीर केली, ती चार तासांत लागू झाली. तेव्हा हा पोरगा वाळूजच्या खोलीत होता. एसटी बंद. मोटारसायकलवर निघालं की नाक्यावर पोलीस. कुणी रात्री शेतरस्त्यांनी आलं, कुणी चालत आलं. आल्यावरही घर नव्हतंच. बाहेरून आलेल्यानं चौदा दिवस गावच्या शाळेत राहायचं, असा बंदोबस्त तेव्हा गावोगावी होता. त्या शाळांच्या फाटकावर जे चित्र रोज दिसे, ते मी विसरलेलो नाही. बाहेर आजोबांच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं लेकरू. आत बाप. लेकरू ओळखतं, दोन्ही हात पुढे करतं, आणि बाप दोन पावलं मागं सरकतो, कारण त्याला तसंच बजावलेलं असतं. मग आजोबा लेकराला घेऊन निघतात आणि त्याचं रडणं वळणापर्यंत ऐकू येत राहतं.

त्या चौदा दिवसांना माझा विरोध नाही. साथ होती, गावात म्हातारी माणसं होती, विलगीकरण हवंच होतं. त्यानंतरच्या महिन्यांबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण ‘घरी बसायला मिळालं’ असं ज्याला म्हणतात ते याच महिन्यांत घडलं.

केंद्रीय गृह मंत्रालयानं २९ मार्चला आदेश काढला की टाळेबंदीच्या काळात मालकांनी कामगारांना पूर्ण वेतन द्यावं. ठेक्यावरच्या पोराला त्याचा फायदा किती झाला, हे वाळूजच्या कुठल्याही खोलीत विचारावं. हजेरीच नाही तर पगार कशाचा, हे ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं होतं. मे महिन्यात तो आदेश गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वेतन न देणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, मालक-कामगारांनी आपसांत बोलून मिटवावं. ज्याचं नाव कंपनीच्या हजेरीपटावरच नाही, त्यानं बोलायचं कुणाशी? भाडं तीन महिने पुढं ढकला, असं राज्याच्या गृहनिर्माण विभागानं १७ एप्रिलला घरमालकांना कळवलं. ढकललेलं भाडं पुढं एकदमच द्यावं लागलं. कारखाने हळूहळू सुरू झाले, तोच १० ते १८ जुलै शहर आणि वाळूज पुन्हा कडकडीत बंद.

पगार तुटलेला बाप दिवसभर घरात असणं म्हणजे सहवास, असं ज्यांना वाटतं त्यांनी पिशोरच्या घराची रचना डोळ्यांपुढे आणावी. दोन खोल्या, पडवी, आईवडील, भाऊ-भावजय, त्यांची लेकरं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर तरुण बापानं स्वतःचं मूल मांडीवर घेऊन लाड करणं अजूनही कित्येक घरांत बरं दिसत नाही. पुतण्याला खांद्यावर घेऊन फिरेल, पोटच्या लेकराला सगळ्यांसमोर घ्यायला बिचकेल. रात्री खोलीचं दार लागल्यावर किंवा वाळूजच्या त्या एका खोलीत, कुणी बघत नसताना, तो खरा बाप होई. म्हणजे भाड्याच्या त्या खोलीनं त्याला बाप होण्याची जी मोकळीक दिली होती, ती टाळेबंदीनं काढून घेतली. गावी आल्यावर तो पुन्हा कुणाचा तरी धाकटा मुलगा झाला, कमाई नसलेला. घरात त्याचं वजन त्याच्या पगारावर होतं, आणि पगार थांबला होता. चिडचिड, अबोला, बायकोवर ओरडणं, शेतावर जाऊन एकटं बसणं, हे सगळं त्यातून आलं. काही घरांत हात उगारण्यापर्यंत गेलं, तेही लपवायचं कारण नाही. टाळेबंदी लागल्यावर काही आठवड्यांतच राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या होत्या. त्याबद्दल मारणाऱ्याला सूट नाही. पण कुटुंबं जवळ आली असं सरसकट म्हणणाऱ्यांनी या तक्रारींचं काय करायचं ते सांगावं.

आता बाळंतपणाकडे येतो. निर्बंधांनी बापाला कुठं उभं केलं, ते इथं सगळ्यात स्पष्ट दिसतं.

पिशोरच्या सोयरिकी डोंगर उतरून घाटाखाली खानदेशात आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आमच्या गल्लीतल्या एका तरुणाची बायको फेब्रुवारी २०२० मध्ये ओटी भरून चाळीसगाव तालुक्यातल्या माहेरी गेली. अंतर एका दुपारचं. पण मध्ये औट्रम घाट आणि घाटापलीकडे जळगाव जिल्हा. एप्रिलमध्ये मुलगी झाली. पासासाठी अर्ज करायचा तर कारण काय लिहायचं? कुणी मेलेलं नव्हतं, कुणी अत्यवस्थ नव्हतं. पोरगी झाली होती आणि बापाला ती बघायची होती, एवढंच होतं. ते कारण चालेल असं त्याला कुणीच सांगेना. पाचवी झाली, बारसं झालं. बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्याही घाटाच्या अलीकडेच अडकलेली. तिनं फोनवरून नाव सांगितलं आणि तिकडे मोबाइल पाळण्यात बाळाच्या कानाशी धरला. मधूनच आवाज तुटला म्हणून तिला दोनदा सांगावं लागलं. २० ऑगस्टला आंतरजिल्हा एसटी सुरू झाली तेव्हा हा पहिल्यांदा गेला. त्या दिवसांत एसटीनं जायला ई-पास लागत नव्हता आणि स्वतःच्या गाडीनं जायला लागत होता. ती अट २ सप्टेंबरला उठली. पोरगी चार महिन्यांची झाली होती. त्यानं हात पुढे केले तर ती रडून आजीला बिलगली. तो मला म्हणाला, ‘‘तिचं काय चुकलं? तिच्यासाठी मी फोनातला माणूस.’’

हा काही जगावेगळा माणूस नाही. त्या वर्षी जिल्ह्याच्या सीमेपलीकडे सासुरवाड असलेल्या कित्येक बापांची हीच गोष्ट आहे. जळगावात तेव्हा मृत्यूचं प्रमाण चिंता वाटावी इतकं होतं, हे मान्य. सीमेवर तपासणी हवी होती, हेही मान्य. पण अंत्यविधीला मुभा आणि जन्माला नाही, ही विभागणी कोणत्या वैद्यकीय ज्ञानातून आली? एक वर्ष गेलं, अनुभव आला, तरी २२ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘ब्रेक द चेन’च्या कडक आदेशात जिल्ह्याबाहेर जायला वैद्यकीय निकड, अंत्यविधी आणि घरातलं गंभीर आजारपण हीच कारणं होती. लग्नाचीसुद्धा सोय होती : पंचवीस माणसं, दोन तास. नवजात मुलाजवळ जाणाऱ्या बापाचा उल्लेख तेव्हाही नव्हता.

दवाखान्यातही तेच. सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात नवऱ्याला आधीही कुणी घेत नव्हतं. पण निदान दारापर्यंत तो असे, औषधं आणायला धावे, बाळ बाहेर आणलं की आधी त्याच्या हातात देत. साथीत रुग्णासोबत एकच माणूस, हा नियम आला आणि तो माणूस अर्थातच सासू किंवा आई. बाप रस्त्यावर. जागतिक आरोग्य संघटनेनं त्या वेळीच सांगितलं होतं की करोनाबाधित बाईलासुद्धा प्रसूतीच्या वेळी तिच्या पसंतीचं माणूस सोबत असण्याचा हक्क आहे. ब्रिटनमध्ये जोडीदारांना तपासण्यांपासून आणि कळांच्या सुरुवातीच्या तासांपासून दूर ठेवलं गेलं, तेव्हा तिथल्या आईबापांनी जाहीर मोहीम उघडून नियम सैल करायला लावले. आपल्याकडे असं काही मागता येतं, हेच कुणाला सुचलं नाही. मला सर्वांत जास्त लागतं ते हेच.

यावर लोक सांगतात की खेड्यात कुठं टाळेबंदी होती, शेती तर चालूच होती. चालू होती, पण माल जात नव्हता. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून करोना होतो ही अफवा पसरली, कुक्कुटपालन बसलं, खाद्याला लागणाऱ्या मक्याची मागणी गेली. कन्नड-सिल्लोड-फुलंब्रीचा पट्टा मक्याचा. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला १७६० रुपये. बाजारात व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागत होता, आणि घरात खर्चाला पैसा नाही म्हणून द्यावा लागत होता. कापूस खरेदी रखडली, पावसाळा तोंडावर आला तरी घराघरांत कापूस पडून होता. कंपनीतून आलेल्या भावाची भाकरी आता याच शेतातून निघायची होती. दोन बाप, दोघांची लेकरं आणि एका भावाला पुरत नव्हतं तेवढं उत्पन्न. मोफत धान्य आलं, त्यानं उपास टळला, ते नाकारत नाही. लेकराच्या दुधाचे आणि औषधाचे पैसे त्यातून येत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो ज्या बायका घेतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्या म्हणतात, त्या काळात मेली ती बाई. चूल तिची, लेकरं तिची, आजारी सासरा तिचा, नवऱ्याचा संताप तिच्यावर. मग बापाच्या दुःखाचे गोडवे कशाला? त्यांचं वर्णन शब्दशः खरं आहे. पण बापाला दाराबाहेर ठेवणारा नियम आईची बाजू घेत नाही. बाळंतीण चार महिने बापाविना बाळ वाढवते तेव्हा रात्रीची जागरणं कुणाची? पहिल्या महिन्यांत ज्यानं बाळ हातात घेतलं नाही, लंगोट बदलला नाही, तो पुढंही ‘हे तुझं काम’ म्हणतो, आणि मग जन्मभर तेच चालतं. बापाला त्याची जागा द्या ही मागणी आईच्या डोक्यावरचं ओझं वाटून घेण्याचीच मागणी आहे.

शाळेचा हिशेबही मांडायला हवा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. नववी-बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० मध्ये काही काळ उघडले, पाचवी-आठवीचे जानेवारी २०२१ मध्ये. पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं लेकरू वर्गात पहिल्यांदा बसलं ते दुसरीत. मधल्या काळात शिक्षण मोबाइलवर होतं आणि घरातला एकुलता चांगला मोबाइल बापाच्या खिशात. बाप कामावर निघाला की शाळाही निघाली. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ सुरू झाली, चांगला कार्यक्रम होता, पण वीज असेल तेव्हा. लेकराला अक्षर ओळखवायची जबाबदारी आठवी-दहावी शिकलेल्या बापावर येऊन पडली, ज्याला आपल्याला हे येत नाही याची लाज वाटत होती. ‘बापानं मुलांना शिकवलं’ या गोड आठवणीत ही लाज कुठंच नसते.

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ सटाणा शिवारात रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरियाचे. गाडी मिळेल या आशेनं रुळांवरून चालत निघाले होते. कित्येकांच्या मागं बायकापोरं होती. टाळेबंदीनं बापांना घरी आणलं, हे वाक्य आपल्याच जिल्ह्यात उच्चारताना हे सोळा जण आठवायला हवेत.

आणि जे घरी आले, त्यांच्यातले सगळेच तगले असंही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत रोजंदारीवरच्या माणसांच्या आत्महत्या २०१९ मध्ये ३२,५६३ होत्या, २०२० मध्ये ३७,६६६ आणि २०२१ मध्ये ४२,००४. त्यांतले बाप किती आणि कारण टाळेबंदी किती, हे या आकड्यांवरून ठरत नाही, आणि मी ते ठरवत नाही. पण हातावर पोट असलेल्यांची ही वाढ बघून त्या दोन वर्षांना घरगुती सुखाचा काळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे सगळं टाळता येण्याजोगं होतं का? बरंचसं होतं. त्याच साथीत फ्रान्सनं बापाची रजा १४ दिवसांवरून २८ दिवसांवर नेली, १ जुलै २०२१ पासून. स्पेननं १ जानेवारी २०२१ पासून ती आईच्या बरोबरीनं १६ आठवडे केली. आपल्या संसदेनं सप्टेंबर २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली. आईला २६ आठवडे आहेत, ते योग्यच. बापाच्या रजेबद्दल तिच्यात काही नाही. पाळणाघराचं कलम आहे, त्यात दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा आहे, तीही फक्त आईला. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. वाळूजच्या बापाला एक दिवस मागायचा तर हजेरी बुडते.

आणि हा विचार कुणाला सुचलाच नव्हता असंही नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. पंधरा दिवसांची रजा, तीन महिन्यांपर्यंत वाढवता येणारी. असंघटित क्षेत्रातल्या बापांसाठीसुद्धा. आणि खर्चासाठी कामगार, मालक, सरकार यांचा मिळून निधी. मराठवाड्यातल्या माणसानं मराठवाड्यातल्या पोरांची अडचण ओळखून लिहिलेला तो मसुदा होता. तो कायदा झाला नाही. १६ मे २०२१ ला सातव स्वतः करोनानंतरच्या गुंतागुंतीनं गेले, वय अवघं ४६. त्यांच्या श्रद्धांजलीच्या भाषणांत या विधेयकाची आठवण कितीशी निघाली?

साथ पुन्हा येईल किंवा येणार नाही. पूर येतील, दुष्काळ येतील, संचारबंदी लागेल, आणि आदेश पुन्हा जिल्ह्याच्या कार्यालयातून निघतील. म्हणून माझी मागणी छोटी आणि ठोस आहे. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात प्रवासाच्या वैध कारणांत नवजात बाळाजवळ जाणारा बाप स्पष्ट शब्दांत लिहावा. ग्रामीण रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला कोण हवं ते बाईला विचारावं, आणि तिनं नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याला आत घ्यावं. आणि ठेक्यावरच्या कामगारालाही लागू होईल अशी पितृत्व रजा राज्यानं स्वतःच्या अधिकारात आणावी, दिल्लीची वाट न बघता.

पिशोरच्या आणि आसपासच्या गावांतल्या तरुण बापांना एवढंच सांगणं आहे : ग्रामसभेत हा ठराव तुम्ही मांडा. सोबत बायकोलाही न्या आणि बाळाच्या जन्माच्या वेळी तुम्ही कुठं होता, ते उभं राहून सांगा.